उसनं काळीज

कुत्र्याच्या अंगाला कुत्र्याचा वास यावा, एवढं साधं म्हाळसाबाईचं म्हणणं होतं. आणि बाजीच्या अंगाला मोगऱ्याचा वास येत होता.

"शी! कुत्रं हाय का नवरीमुलगी?" तिनं पदर नाकाला लावला. "बिराप्पा, तुझ्या कंपनीला म्हणावं, अजून गजरा तेवढा ऱ्हायलाय."

भोवतीची माणसं हसली. बिराप्पा, तिचा एकुलता एक मुलगा, कुत्री पैदा करून विकणाऱ्या कंपनीत नोकरीला होता आणि कंपनीनं सुगंधी साबणानं धुतलेल्या बाजीची साखळी धरून उभा होता. तो हसला नाही. आईच्या तोंडाला लागण्यात अर्थ नसतो हे त्याला पाळण्यातच कळलेलं असावं.

जतच्या पुढं, बिरोबाच्या माळावर, जत्रेत कारवानी कुत्री पळवायची रीत म्हाळसाबाईच्या आजेसासऱ्याच्याही आधीची. पूर्वी खरा ससा सोडत. आता तारेवरून ओढलेला चिंधीचा ससा पळतो आणि डोक्यावर ड्रोन घोंघावत त्याची चित्रं काढतो, एवढाच फरक. नियम जुनाच. लागोपाठ तीन जत्रा जो नर जिंकेल त्याला पैदाशीचा मान. मान देण्याआधी म्हाळसाबाईनं त्याच्या बरगडीला कान लावायचा, हे कुणी ठरवलेलं नव्हतं, पण तिच्याशिवाय नर ठरवून दाखवायची माळावर कुणाची छाती नव्हती. शाळा तिनं दुसरीत सोडली होती. कुत्र्याचं काळीज मात्र तिला पाढ्यासारखं पाठ होतं.

त्या रीतीला अर्थ होता. कच्च्या काळजाचं कुत्रं एका जत्रेला धाप टाकतं, दुसऱ्या जत्रेला वाटेतच बसतं, तिसऱ्या जत्रेला नसतंच. त्याची पिल्लं होत नाहीत. कुणी कुणाला मारत नसे, निवाडा माळच करी. म्हणून या माळावरची कुत्री वाऱ्यासारखी पळत, आणि पुण्या-मुंबईची माणसं त्यांच्यासाठी बॅटरीच्या गाड्या घेऊन इथवर येत. "म्हाळसाबाईच्या घरचं" म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नसे.

बाजीनं तिसरी जत्रा मारली होती. म्हाळसाबाई मोगऱ्याचा वास सोसत खाली बसली आणि तिनं त्याच्या बरगडीला कान लावला. धप्प धप्प, धप्प धप्प. इतकी पळ होऊनही ठेका जागचा हललेला नव्हता.

"वाजतंय," ती उठली. "घारीला ह्योच."

घारी ही तिच्या घरातली शेवटची जुनी कुत्री. वय झालं होतं, हे एकच वेत उरलं होतं. एवढं मोलाचं वेत तिनं कंपनीच्या मोगऱ्याला दिलं, ते केवळ आपल्या कानाच्या भरवशावर.

*

घारीला पाच पिल्लं झाली. पाचही लांब पायांची, खोल छातीची. त्यातलं मोरं नावाचं पिल्लू म्हाळसाबाईचं लाडकं. भाकरीचा पहिला तुकडा त्याचा. जरा मोठं झालं तसं सगळ्या भावंडांच्या पुढं पळायला लागलं.

एका सकाळी मोरं टिटवीमागं धावलं. म्हाळसाबाई दारात उभी राहून कौतुकानं बघत होती. ते ऐन वेगात होतं आणि एकाएकी, दोरी कापल्यासारखं, तोंडावर पडलं. ती पोचेपर्यंत त्याची जीभ निळी झाली होती. डोळे अजून टिटवीकडंच होते.

तिच्या घरातलं पिल्लू धावताना कधी मेलं नव्हतं. लांडग्यानं नेलं होतं, सापानं मारलं होतं, पण काळजानं दगा दिला नव्हता. "कुणीतरी विष घातलंय," असं तिनं वस्तीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं जाहीर केलं, आणि जतच्या दवाखान्यातल्या मुजावर डॉक्टरीणबाईंना बोलावणं धाडलं.

शबाना मुजावर तिच्या नातीच्या वयाची, पण म्हाळसाबाई तिला मानायची, कारण ही पोरगी कुत्र्याला हात लावण्याआधी त्याला आपला हात हुंगू द्यायची. तिनं मोरंची छाती उघडून पाहिली. मग मोरंच्या, उरलेल्या पिल्लांच्या आणि घारीच्या गालातून कापसाचे बोळे फिरवले आणि काडेपेटीएवढ्या यंत्रात घातले. सुनेनं, कस्तुरीनं, चहा आणला. चहा संपायच्या आत यंत्र बोललं. शबानानं मात्र सगळे बोळे पुन्हा एकदा यंत्रात घातले.

"आजी, विष नाही."

"मग?"

"बाजी."

मग तिनं सांगितलं. हृदयाच्या स्नायूत प्रथिनांच्या दोऱ्या असतात, स्प्रिंगसारख्या. दर ठोक्याला त्या ताणतात आणि परत जागेवर येतात. ही दोरी कशी वळायची याचा नमुना अंगातल्या प्रत्येक पेशीत दोनदा लिहिलेला असतो, एक प्रत आईकडून आलेली, एक बापाकडून. एका प्रतीत चूक असली की निम्म्या दोऱ्या कच्च्या निघतात. लहानपणी ते खपून जातं. पुढं हृदय जुन्या फुग्यासारखं सैल आणि पातळ होत जातं, ठेका चुकतो, आणि एखाद्या धावेत ते थांबतं. बहुतेक कुत्री काही वर्षं काढतात. मोरंसारखी काही आधीच जातात. आणि दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या, तर पिल्लू आईच्या दुधावरून उठतही नाही.

"घारीच्या दोन्ही प्रती चांगल्या आहेत. पण पाचही पिल्लांत एक एक बिघडलेली आहे. म्हणजे ती बापाकडून आली. आणि पाचही जणांना आली, म्हणजे बापाकडं द्यायला चांगली प्रत नव्हतीच. बाजीच्या दोन्ही बिघडलेल्या असणार."

"आता तूच म्हणलीस, तसलं पिल्लू जगत न्हाई म्हणून. आन् ह्यो मुडदा तीन जत्रा जिंकलाय!"

"सुई," शबाना म्हणाली. "जन्मल्या जन्मल्या दिली असणार. त्यात निरुपद्रवी केलेला विषाणू असतो. त्याच्या पाठीवर चांगली प्रत लादतात. तो रक्तातून जातो, हृदयाच्या पेशी हुडकतो, प्रत तिथं ठेवतो. मग हृदय चांगल्या दोऱ्या वळायला लागतं. पण तो हृदयातच जातो, आजी. बीजात जात नाही. तिथं मूळची चूक तशीच."

म्हाळसाबाईनं हळूच आपल्या उजव्या कानाला हात लावला.

"म्हंजे मी कान लावला तवा..."

"तुमचा कान चुकला नाही. काळीज खरंच चांगलं वाजत होतं. काळीज दुरुस्त केलेलं, बी नादुरुस्त. ते कानाला कसं कळणार?"

शबानाला वाटलं होतं, याचा आजीला दिलासा वाटेल. म्हाळसाबाई उठून हौदापाशी गेली. चुलीतली राख घेऊन तिनं तो कान घासघासून धुतला, आतून, बाहेरून, मागून, लाल होईपर्यंत. माळानं जे कुत्रं पहिल्या आठवड्यात परत घेतलं असतं, ते तीन जत्रा जिंकून तिच्या घारीवर चढलं होतं, आणि चढवलं होतं तिनंच. ती हौदाच्या कडेला थुंकली.

"आता ही चार बी फेकून द्यायची," ती परत येऊन म्हणाली. "म्हंजे मारायची न्हाईत. खच्ची करून टाक सगळी. माझ्या घरची जात संपली."

"तसं करू नका. एक कुत्री ठेवा. तपासलेल्या, चांगल्या नराला लावा. पिल्लांतली साधारण निम्मी स्वच्छ निघतील. ती ओळखता येतात, पुढं तीच चालवायची. कारवानी जातीची कुत्री उरलीत किती? असली सगळी टाकली तर जातच बुडेल."

"म्हंजे दुधात माशी पडली तर माशी काढून दूध प्यायचं?"

"दूध एवढंच असेल तर, हो."

"तू पी," म्हाळसाबाई म्हणाली.

*

कंपनीचे साठ्ये दोन दिवसांनी आले. सोबत बिराप्पा होता. साठ्ये बोलायला गोड, बूट बाहेर काढून आत आलेले, खाली मांडी घालून बसलेले. म्हाळसाबाईला तेही आवडलं नाही. चोरानं चपला काढल्या म्हणून चोरी कमी होत नव्हती.

"आजी, झालं ते वाईट झालं. पण चारही पिल्लांना सुई आम्ही देऊ. तुमच्याकडून काही घेणार नाही. बाजीसारखी होतील, धावतील, म्हातारी होऊन मरतील."

"आन् त्यांची पिल्लं?"

"त्यांनाही देऊ."

"आन् त्यांची?"

साठ्ये हसले. "सुई कुठं पळून जात नाही, आजी."

"न्हाई ना? मग ह्यो काय इलाज झाला? ही तर चाकरी झाली. माझ्या आजेसासऱ्यापास्नं ही कुत्री कुणाच्या सुईवर जगली न्हाईत. तुमी दोन पिढ्यांत अशी करून ठेवली, की तुमी दार लावलं की पुढचं पिल्लू मेलं."

"आम्ही मुद्दाम नाही करत. बाजीचे आईबापही सुईनं वाचलेले. दोघं देखणे, दोघं पळणारे. लोकांना तसलीच पिल्लं हवीत, म्हणून जोडी लावली." साठ्ये पुढं सरकले. "हे बघा, माणसाची नजर अधू असते. चष्मा लावतो. लग्न करतो, पोरं होतात, पोरांनाही चष्मा लागतो. म्हणून काय आपण त्याला लग्न करू नको म्हणतो?"

हा मुद्दा म्हाळसाबाईला लागला. तिची मान अर्धी हलली, हे बिराप्पानंही पाहिलं. मग तिनं साठ्यांच्या तोंडाकडं नीट पाहिलं.

"चष्मा नाकावर असतो, साहेब. पोरीचा बाप तो बघतो, मग हो म्हणतो न्हाईतर न्हाई म्हणतो. तुमची सुई कुठं असती? दावा बरं बाजीच्या अंगावर."

साठ्यांनी कप खाली ठेवला.

"तुला म्हाईत हुतं?" तिनं मुलाला विचारलं.

"व्हय," बिराप्पा म्हणाला.

"मी मोगऱ्याच्या बरगडीला कान लावून बसले हुते, आन् तू साखळी धरून उभा हुतास."

"तुला सांगितलं असतं तर तू..."

"काय? काय केलं असतं मी?"

त्याचा हात सदऱ्याच्या बटणाशी गेला.

"आईका आता दोघं बी. पुनवेला माळावर पंच बसत्यात. मी सांगणार हाय, सुई दिलेला एक एक नर खच्ची करा. उसन्या काळजाचं कुत्रं दारात उभं ऱ्हाऊ देणार न्हाई मी. उसन्या काळजाचं, खोट्या छातीचं, वरनं मोगरा! किळस येती मला, किळस. असल्या जिवानं वंश वाढवायचाच न्हाई. जगायचं तर जगावं कोपऱ्यात गप."

बिराप्पा उठून बाहेर गेला. चहा तसाच राहिला. त्यावर साय धरली ती म्हाळसाबाईनं बोटानं काढली आणि अंगणात झटकली.

*

त्यानंतर ती मुलाशी बोलेना. घरात तिघंच माणसं, त्यामुळं सगळं बोलणं कस्तुरीवरून जायचं. "कस्तुरे, त्या कंपनीच्या माणसाला म्हणावं भाकरी झालीया." कस्तुरी निरोप सांगायची, "अहो, जेवायला म्हणत्यात." तिघं हातभर अंतरावर बसलेली असायची. कस्तुरीला हसू यायचं, पण आत्तीच्या तोंडाकडं बघून ती ते गिळायची.

कस्तुरी म्हाळसाबाईच्या भावाची मुलगी. आत्तीच सासू झाली होती. पाचवा महिना लागला होता तिला. "माझ्या भावाच्या दारात जाऊन मी ही मागून आणलीया," हे म्हाळसाबाई येईल त्याला सांगायची. भाऊ कां-कूं करत होता. बिराप्पाचा बाप, सिदाप्पा, मेंढरांमागं चालता चालता चाळिशीत खाली बसला होता तो परत उठला नव्हता, ते भावाच्या मनात होतं. "ऊन लागलं हुतं त्यास्नी," म्हाळसाबाईनं ठणकावलं होतं. "माझं पोरगं बघ की. वाघ हाय." भावानं तिच्या शब्दावर पोरगी दिली होती.

पुनवेच्या सकाळी म्हाळसाबाई माळावर निघाली. कपाळभर भंडारा, ठेवणीतलं लुगडं, हातात काठी. पंचांसमोर काय बोलायचं ते तिनं मेंढरांना, कोंबड्यांना आणि घारीला म्हणून दाखवलं होतं. अंगणात बिराप्पा आडवा आला.

"आये, जायच्या आधी एक काम कर."

ती कस्तुरीला हाक मारणार होती. तेवढ्यात त्यानं सदऱ्याची बटणं सोडली.

"कान लाव."

"काय चावळतुयास?"

"कुत्र्याला लावतीस. मला लाव."

त्याच्या आवाजात काहीतरी होतं म्हणून तिनं काठी भिंतीला टेकवली. तो कधी तिच्याएवढा होता ते तिला आठवलं. आता तिचा कान त्याच्या छातीपर्यंतच पोचत होता. धप्प धप्प, धप्प धप्प. जागचा न हलणारा ठेका. असला ठेका तिनं याआधी एकदाच ऐकला होता. तिच्या अंगावर काटा आला तो आधी, कारण कळलं ते मागाहून.

"कसं वाजतंय?"

"चांगलं वाजतंय," ती हळू म्हणाली.

"ह्ये बी उसनं हाय, आये."

लग्नाच्या आदल्या साली तो पित्ताचं दुखणं म्हणून पुण्याला जाऊन राहिला होता. ते पित्त नव्हतं. माळ चढताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. पुण्यात सांगितलं, बापाकडून आलंय, दोरी कच्ची आहे. कुत्र्यांवर आधी करून पाहिलेली सुई तेव्हा माणसांना द्यायला सुरुवात झाली होती. ती त्यानं घेतली. तिथंच त्याला कंपनीची माणसं भेटली आणि नोकरीही.

"आबाला ऊन लागलं नव्हतं, आये."

म्हाळसाबाईनं कान त्याच्या छातीवरून काढला.

"म्हणून बाजीचं सांगितलं न्हाई तुला. मला म्हाईत हुतं तू काय म्हणणार. तसंच म्हणलीस. खोट्या छातीचं. वंश वाढवायचा न्हाई, कोपऱ्यात गप ऱ्हावं." त्यानं बटणं लावली. दोन काजं चुकली. "आता जातीसच तर मला बी घेऊन चल. बाजीच्या शेजारी उभा ऱ्हातो. मला बी खच्ची करा म्हणून सांग."

आपलेच शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं म्हणजे आपलंच उष्टं परत ताटात येणं. म्हाळसाबाईला ते गिळता येईना. माळाच्या बाजूनं ढोल वाजायला लागला होता. पंच बसले असणार.

"कुत्री मी पैदाशीला पाळते," ती शेवटी म्हणाली. "तुला काय पैदाशीला जन्माला घातला हुता व्हय रं? उसनं का असंना, वाजतंय न्हवं? माझ्यासाठी तेवढं बास हाय. तुझ्या बापाला ती सुई मिळाली असती, तर मी कंपनीच्या दारात लोटांगण घातलं असतं."

बिराप्पाचे खांदे सैल झाले. तो तिच्या पायाशी वाकायला लागला. तिनं पाय मागं घेतला.

"थांब. माळावर मी आता खच्ची करा म्हणणार न्हाई. ती डॉक्टरीण पोरगी म्हणती तसंच करूया, एक कुत्री ठिवूया. पर सुई दिलेल्या हरेक कुत्र्याचा कान कातरा म्हणीन, आपण मेंढराचा कातरतो तसा. लांबनं दिसंल असा. मग ज्याला लावायचं त्यानं बघून लावावं. माझ्या पिल्लांस्नी बी सुई देऊया, आन् पहिला कान त्येंचाच."

"बरं हाय, आये."

"माणसाचा कान कातरायची रीत न्हाई," म्हाळसाबाई म्हणाली. "माणसाला तोंड दिलंय."

त्याला कळलं. त्याचा चेहरा पडला तो बघूनच तिला उत्तर मिळालं, पण तिनं विचारलंच. "कस्तुरीला म्हाईत हाय?"

बिराप्पानं मान खाली घातली.

"लग्नाआधी सांगितलं न्हाईस. पोटुशी ऱ्हायली तवा बी न्हाई."

"सांगणार हुतो. निम्मी शक्यता असती, आये. प्वार चांगलं बी निघंल. न्हाईतर सुई हायच की."

"सुई कुठं पळून जाती," ती म्हणाली, थेट साठ्यांच्या गोड आवाजात. मग तिच्या तोंडाची चव गेली. बाजीच्या वासानं, हौदाच्या कडेला, साय झटकताना, इतक्या दिवसांत तिला जेवढी किळस आली होती ती सगळी मिळून एवढी नव्हती. "माझ्या भावाच्या दारात मला दलालासारखी उभी केलीस. वाघ हाय म्हणले मी! मी शब्द टाकत हुते आन् तू साखळी धरून उभा हुतास, तवा बी. बाजीनं मला फसवलं न्हाई रं. त्या मुक्या जिवाला काय कळतंय, त्येचं बी कसलं आन् काळीज कुणाचं. फसवलं त्येच्या मालकानं. इतका वेळ मला वाटत हुतं, तू बाजीच्या शेजारी उभा ऱ्हायला निघालास. तू तर साठ्याच्या शेजारचा."

"आये..."

"मला नगं सांगू."

तिनं भिंतीची काठी उचलली आणि ती माळाकडं न जाता उंबऱ्यावर आडवी बसली, दोन्ही पाय चौकटीला लावून. आता आतल्याला बाहेर जाता येत नव्हतं आणि अंगणातल्या बिराप्पाला आत शिरता येत नव्हतं. माळाकडं पळता येत होतं, पण तेवढं त्याचं धाडस नव्हतं.

"कस्तुरे! दाराशी ये."

कस्तुरी पिठाचे हात घेऊन दाराशी आली. आत्ती अजून माळावर गेली नाही, नवरा वाकड्या बटणांच्या सदऱ्यात उभा, दोघं समोरासमोर. तिला वाटलं, समेट झाला.

"काय आत्ती? तव्यावर भाकरी हाय माझी. कुणाचा निरोप कुणाला सांगू?"

"आज निरोप न्हाई. त्यो सोता बोलतोय तुझ्यासंगं."

"अवो, भाकरी करपंल."

"करपू दे," म्हाळसाबाई म्हणाली.

माळावरचा ढोल थांबला होता. पंच तिची वाट बघत असतील, बघू देत. बिराप्पानं एकदा आईकडं पाहिलं, एकदा बायकोच्या पोटाकडं, आणि तोंड उघडलं. आतून करपल्याचा वास यायला लागला, सगळ्या घरात भरला, अंगणात आला. कुणी हललं नाही.